मुक्कामांचा आराखडा

धानाची कापणी उरकत आली, बांध्यांतले पाणी आटून पांदणवाटा टणक झाल्या आणि पहाटेच्या हवेत गारवा जाणवू लागला, की आमच्या आंबागडच्या पंचक्रोशीत, तुमसरच्या चहाच्या टपऱ्यांवर आणि भंडाऱ्याच्या महाविद्यालयांच्या आवारात एक मनसुबा दरसाल नव्याने जन्माला येतो : सायकलीवर बसायचे आणि देश पालथा घालायचा. हा मनसुबा स्तुत्य आहे, आणि ज्या वयात तो सुचतो त्या वयाला तो शोभूनही दिसतो. परंतु त्याची आखणी ज्या रीतीने केली जाते ती रीत मला उफराटी वाटते. नकाशावर काश्मीर आणि कन्याकुमारी अशी दोन टोके मुक्रर करावयाची, त्यांना जोडणाऱ्या महामार्गाची लांबी काढावयाची, तिला रजेच्या दिवसांनी भागावयाचे आणि भागाकारातून जो आकडा निघेल तो दररोजची मजल म्हणून कागदावर मांडावयाचा, एवढ्याने योजना पुरी झाली असे समजले जाते. माझे म्हणणे असे की, कोठे थांबायचे, कोणाच्या आश्रयाने थांबायचे आणि कशासाठी थांबायचे हे आधी ठरले म्हणजे मजल आपसूक ठरते. देशाटनाचा आराखडा हा मुळात मुक्कामांचा आराखडा असतो, आणि तो तडीस जावा यासाठी शासनाच्या माथीही काही कर्तव्य आहे.

या विषयाचा विचार आंबागडात बसून करण्याला भूगोलाचाच आधार आहे. कन्याकुमारी उत्तर अक्षांशाच्या आठव्या अंशाच्या किंचित वर आहे आणि श्रीनगर चौतिसाव्याच्या किंचित वर. दोहोंची बेरीज करून निम्मी केली म्हणजे एकविसावा अंश हाती येतो, आणि नागपूर व भंडारा ही दोन्ही शहरे याच एकविसाव्या अंशाच्या पट्ट्यात वसलेली आहेत. उत्तर-दक्षिण जाणारा 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नागपुरावरून जातो, सुरतेकडून पूर्व किनाऱ्याकडे जाणारा 53 क्रमांकाचा महामार्ग तर खुद्द भंडाऱ्याच्या वेशीवरून जातो; सारांश, देश उभा ओलांडा किंवा आडवा ओलांडा, आमच्या मुलखाला टाळून जाणे कठीण. असे असूनही टोकांकडे डोळे लागलेल्या प्रवाशाला हा मधला प्रदेश केवळ उरकून टाकण्याचा टप्पा वाटतो. ज्याने तो तसा उरकला, त्याला देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या अमदानीत, 1700 च्या सुमारास, राजा खान पठाणाने बांधलेला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी कैदी डांबण्यासाठी वापरलेला आंबागडचा किल्ला दिसत नाही. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले आणि आजही सरकारी दप्तरात माजी मालगुजारी तलाव म्हणून नोंदले जाणारे जलाशय दिसत नाहीत. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, तुमसरची धान-तांदळाची बाजारपेठ आणि गायमुखची महाशिवरात्रीची यात्रा यांचा त्याला पत्ताही लागत नाही. महामार्ग सोडून एखाददुसरा मुक्काम इकडे केला तर यांतील बरेच काही पाहून होते. ते पाहायचेच नसेल तर देश ओलांडला म्हणजे नेमके काय ओलांडले, असा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

सायकलीने दूरदेश हिंडण्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. एकोणिसावे शतक सरता सरता फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा पती विल्यम हे अमेरिकी दांपत्य हिंदुस्थानात सायकलीवरून फिरले, आणि 1904 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनाच्या नावातच 14,000 मैलांचा उल्लेख आहे. परंतु त्याच नावात, मैलांच्या आकड्यापाठोपाठ, देवालये आणि लोक हेही शब्द आहेत. कारण त्या दांपत्याने मार्ग आखला तो प्राचीन वास्तूंच्या अनुरोधाने, आणि रस्ता जेथे आडवाटेने जात होता तेथे ती दोघे आडवाटेने गेली. आपल्या मुंबईतून 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे 1928 साली, सुमारे 71,000 किलोमीटर सायकल चालवून, प्रदक्षिणा पुरी करून परतले. उरलेले तिघे निरनिराळ्या टप्प्यांवर निरनिराळ्या कारणांनी वेगळे झाले. सहांतील तिघे गळाले म्हणून ती मोहीम फसली असे कोणी म्हटले नाही, म्हणूही नये. मात्र साडेचार वर्षांच्या प्रवासाची योजना करताना माणसे गळतात, आजारी पडतात, घरी परततात हे गृहीत धरावे लागते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. त्यांच्याप्रमाणे इराण आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटातून जाणाऱ्या माणसाला पुढचे पाणी कोठे आहे हे ठाऊक असावे लागते. त्या काळी दिवसाच्या मजलेचा विचार पाण्याच्या ठावठिकाण्यावरून होत असे, रजेच्या अर्जावरून नव्हे.

तथापि या विषयावर विदर्भातल्या माणसाने बोलावयाचे म्हणजे बाबा आमट्यांच्या भारत जोडो अभियानापाशी यावेच लागते. डिसेंबर 1985 मध्ये, म्हणजे पंजाब धुमसत होता आणि इंदिरा गांधींच्या हत्येला जेमतेम वर्ष उलटले होते त्या दिवसांत, 116 तरुण-तरुणी कन्याकुमारीहून सायकलींवर निघाल्या आणि 5,042 किलोमीटरचा पल्ला काटून पुढल्या वर्षीच्या एप्रिलात काश्मीरकडच्या टोकाला पोचल्या. बाबांनी निघण्याच्या त्या डिसेंबरातच वयाची एकाहत्तर वर्षे पुरी केली होती. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झालेले होते, आणि तो सारा प्रवास त्यांनी वाहनात आडवे पडून केला. 1988 साली अभियानाचा दुसरा टप्पा झाला, तो अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातेतील ओख्यापर्यंत, 7,546 किलोमीटरांचा. म्हणजे पहिल्याने देश उभा शिवला आणि दुसऱ्याने आडवा. आता पहिल्या टप्प्याचे अंतर त्याला लागलेल्या महिन्यांत वाटून पाहा : दिवसाला पन्नास किलोमीटरांच्याच आसपास सरासरी पडते. विशीतल्या धडधाकट मुलांना पन्नास किलोमीटर म्हणजे सकाळच्या प्रहराचे काम. उरलेला दिवस कशात गेला? गावात शिरण्यात, सभा घेण्यात, गाणी म्हणण्यात, कोणाच्या तरी पडवीत बसून त्याची भाषा कानावर पडू देण्यात. ज्या देशात त्या वेळी माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली होती, त्या देशात तामिळ मुलखातले तरुण आणि मराठी मुलखातले तरुण सायकलींवरून सोबत येतात हे गावकऱ्यांनी पाहणे, हाच त्या प्रवासाचा हेतू होता. आणि असा हेतू ज्याच्या मनात असतो त्याला वेगाचा उपयोग नसतो.

बाबांच्याही आधी विनोबांनी हेच चालून दाखविले होते. एप्रिल 1951 मध्ये तेलंगणातील पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे विनोबा देशभर पायी हिंडत राहिले. पवनारच्या आश्रमात ते परतले ते 1964 साली. विनोबांच्या पदयात्रेत मुक्कामाचे गाव हेच दिवसाचे प्रयोजन होते, चालणे हे त्या गावापर्यंत पोचण्याचे साधन. वरोऱ्याचे आनंदवन आणि वर्ध्याजवळचे पवनार ही दोन्ही ठिकाणे आमच्या विदर्भातली आहेत. एवढा वारसा अंगणात असताना आमच्या मुलांनी देशाटनाची कल्पना केवळ विक्रमांच्या याद्यांतून उचलावी, याचे वैषम्य वाटते.

याचा अर्थ वेगाने सायकल हाकणाऱ्यांचा मला अनादर आहे असा कोणी करू नये. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरांची शर्यत बारा दिवसांच्या विहित मुदतीत एकट्याने पुरी केली, आणि त्याच वर्षी तीच शर्यत लष्करी सेवेतील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही पुरी केली. मानवी देह काय सोसू शकतो याचे ते थक्क करणारे दर्शन होते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीला फेरी घातली. पण शर्यतीत मागून गाडी येत असते, त्या गाडीत जेवण, औषधे, सुटी चाके आणि जागे राहणारी माणसे असतात. शर्यतीचे नियोजन म्हणजे रसदीचे नियोजन, आणि ते एक स्वतंत्र शास्त्र आहे. वेदांगीसारख्या बहुतांशी एकट्याने जाणाऱ्या प्रवाशाला तर प्रवेशपरवान्यांच्या विलंबामुळे वेळापत्रक फिरवावे लागले आणि स्पेनमध्ये चोरट्यांचा वार सोसावा लागला. तरी ती पार पडली, कारण योजना मोडल्यावर दुसरी योजना करण्याइतके शांत डोके तिच्यापाशी होते. सामान्य तरुणाने या पराक्रमांपासून धैर्य घ्यावे; दैनंदिन मजलेचा आकडा मात्र तिथून उसना घेऊ नये. अंगच्या कुवतीहून मोठा आकडा घेऊन निघालेला माणूस पहिल्या आठवड्यात गुडघे धरून बसतो आणि दुसऱ्या आठवड्यात रेल्वेने घरी येतो, असेच बहुधा घडते.

मुक्काम प्रधान मानले की आखणीतील पहिला प्रश्न ऋतूचा येतो, कारण मुक्काम कोठे करायचा हे ठरवण्याआधी तेथे कोणत्या महिन्यात असायचे हे ठरवावे लागते. तामिळनाडूला ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस झोडपतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली-पंजाबच्या मैदानावर असे दाट धुके पसरते की मागून येणाऱ्या मालमोटारीला सायकलस्वार दिसतच नाही. काश्मीर त्या वेळी बर्फाखाली असते. आणि एप्रिल संपता संपता आमचा विदर्भ असा तापतो की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. या चारही अडचणी एकाच प्रवासात चुकवायच्या असतील तर दक्षिणेकडून वर्षाअखेर निघून वसंताच्या सोबतीने उत्तरेकडे सरकणे हा मार्ग शहाणपणाचा, आणि भारत जोडोच्या पहिल्या टप्प्याचा डिसेंबर ते एप्रिल हा काळ या हिशेबात चपखल बसतो. आंबागडसारख्या मधल्या ठिकाणाहून निघणाऱ्याला याहूनही एक अधिक सोय आहे, जिचा विचार टोकांच्या नादाने कोणी करीत नाही : त्याने देशाचे दोन भाग करावेत. डिसेंबरच्या आरंभी घरून निघून हिंगणघाट, आदिलाबाद, हैदराबाद असे दक्षिणेला उतरावे, म्हणजे कन्याकुमारी जानेवारीत येते आणि तोवर तिकडचा पाऊस ओसरलेला असतो. तेथून सायकल पार्सल कचेरीत गोणपाटात बांधून नोंदवावी आणि रेल्वेने परत यावे. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत तुमसरहून रामटेक-मनसरमार्गे महामार्ग धरून शिवनी, सागर, झाशी असे उत्तरेला चढावे, म्हणजे धुके सरल्यावर पंजाब आणि बर्फ वितळू लागल्यावर काश्मीर हाती लागते. हिंगणघाट हे बाबा आमट्यांचे जन्मगाव याच दक्षिणेकडच्या वाटेवर पडते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. येथे पुन्हा नागपूरचे नाव घ्यावे लागते, कारण आपल्या देशातील रस्त्यांची जी प्रतवारी आज प्रत्येक नकाशावर दिसते तिचा पाया डिसेंबर 1943 मध्ये नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत घातला गेला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशा पाच श्रेणी त्या परिषदेने लावल्या, आणि शेतीने संपन्न प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये असे उद्दिष्ट वीस वर्षांच्या मुदतीने ठरविले. ती मुदत टळून गेल्यावरही कित्येक गावांना बारमाही रस्ता नव्हता. परंतु 2000 साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशातील पाचशे लोकवस्तीच्या आणि डोंगरी वा आदिवासी भागात अडीचशे लोकवस्तीच्या गावापर्यंत बारमाही रस्ता नेण्याचे ठरविले, आणि त्यामुळे आज सायकलस्वाराला, त्याची इच्छा असेल तर, देशाचा फार मोठा भाग महामार्गाला फारसे न शिवता ओलांडता येतो. ज्या रस्त्यावरच्या दगडाचे डोके पिवळे तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवे तो राज्याचा, आणि नारिंगी दगड ग्रामसडकेचे. सायकलवाल्याने शक्य तेथे हिरवा आणि नारिंगी दगड पाहून चालावे, पिवळ्यावर केवळ निरुपायाने जावे. चौपदरी-सहापदरी महामार्गाच्या कडेने, भरधाव मालमोटारींच्या वाऱ्याचे धक्के खात, दुभाजकातील कण्हेरींच्या रांगेखेरीज काही न पाहता केलेला दिवसाचा प्रवास हा श्रम खरा, पण त्याला देशाटन म्हणवत नाही. शिवाय काळाचा कल उलट्या दिशेने आहे. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग 2025 साली पूर्णपणे खुला झाला, पण त्यावर दुचाकीला आणि तिचाकीला मज्जाव आहे, मग सायकलीची गोष्टच नको. वेगाच्या रस्त्यांवरून सायकल हद्दपार करणे सुरक्षिततेसाठी योग्यही असेल. पण मग खालच्या चार श्रेणींच्या रस्त्यांवर तिला निर्धास्तपणे चालता यावे ही जबाबदारी त्याच न्यायाने शासनावर येते.

वाहनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यावर दुकानदार आपणहून पुष्कळ सांगतात. परदेशी बनावटीची नाजूक सायकल रस्त्यावर सुंदर धावते, मात्र ती बिघडली म्हणजे गावातल्या मिस्त्रीपाशी तिला लागेल असा टायर मिळत नाही. कारण आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीची अठ्ठावीस इंची रिम 635 मिलिमीटर व्यासाची असते आणि नव्या वेगवान सायकलीची 622 मिलिमीटरांची, आणि तेरा मिलिमीटरांचा हा फरक रानात सूर्य मावळताना फार मोठा होतो. यासाठी नव्या सायकलीवर जाणाऱ्याने घडीचा एक टायर आणि दोन ट्यूबा सोबत बाळगाव्यात, आणि पंपाची तोटी आपल्याच व्हॉल्व्हची असल्याची घरीच खात्री करावी. ओझे मागे लादले जात असल्याने मागल्या चाकाचे स्पोक तुटतात, आणि तेही बहुधा फ्रीव्हीलच्या बाजूचे; तेव्हा त्या मापाचे चार-सहा स्पोक आणि फ्रीव्हील खोलण्याचा पाना यांवाचून निघू नये, कारण स्पोक असूनही फ्रीव्हील निघाले नाही तर तो घालता येत नाही. रस्त्याकडेच्या गोखरूच्या काट्यांनी ट्यूब चाळणीसारखी होते. पंक्चर काढण्याची विद्या निघण्यापूर्वी हस्तगत असावी. एवढे सोडले तर आंबागड ते तुमसर रोज दूध वाहणाऱ्या काळ्या सायकलीनेही देश ओलांडता येतो. वेळ अधिक लागेल इतकेच, आणि वेळ अधिक लागणे ही या प्रवासात आपत्ती नव्हे.

आता मूळ मुद्द्यावर, म्हणजे मुक्कामावर येतो. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचा साहेब हिवाळ्यात दौऱ्यावर निघे, आणि त्याच्यासाठी ठराविक अंतरावर डाकबंगले, तंबूंच्या जागा आणि रसदीचा बंदोबस्त असे. त्या दौऱ्यांची आज कोणी रम्य वर्णने करू लागला तर त्याला आठवण द्यावी लागेल, की ती रसद पुष्कळदा वेठीने गोळा होई, आणि साहेबाच्या मुक्कामाने गाव आनंदण्याऐवजी धास्तावत असे. सायकलीवरून येणारा पाहुणा त्या साहेबाच्या नेमका विरुद्ध असावयास हवा : त्याने गावावर भार होऊ नये, आपल्या जेवणाचे पैसे चुकते करावेत, आणि पूर्वसूचनेवाचून कोणाच्या दारात उभे राहू नये. याकरिता निघण्याच्या दोन-तीन महिने आधी, भाद्रपद-आश्विनातच, संभाव्य मुक्कामांच्या ग्रामपंचायतींना, शाळांना आणि संस्थांना पत्रे लिहिणे हे योजनेचे सर्वांत महत्त्वाचे अंग आहे, आणि नेमके तेच बहुतेक जण वगळतात. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने उभी राहिलेली गुरुदेव सेवा मंडळे गावोगाव आहेत. नांदेडपासून पंजाबपर्यंत गुरुद्वारे आहेत, जेथे लंगर आणि रात्रीचा आसरा जात-धर्म न विचारता मिळतो. दक्षिणेत देवस्थानांच्या धर्मशाळा आहेत. या ठिकाणांची साखळी आधी जोडावी, दोन कड्यांमधले अंतर दमाच्या मानाने चाळीसपासून ऐंशी किलोमीटरांपर्यंत ठेवावे, दर पाच-सहा दिवसांनी एक दिवस अजिबात सायकल न चालविण्याचा राखावा, आणि एका कडीच्या ठिकाणी खोळंबा झालाच तर आजूबाजूचे दुसरे ठिकाण टिपून ठेवावे. असा तक्ता तयार झाला म्हणजे कधी कोठे पोचू हे घरच्यांना कळते, आजारपणात कोणाला हाक मारावी हे प्रवाशाला कळते, आणि रस्त्यावर येणाऱ्या संकटांची निम्मी धार बोथट होते.

मुलींच्या बाबतीत तर हा तक्ता केवळ सोयीचा राहत नाही. त्यांचे जाणे होईल की नाही हेच त्यावर ठरते. ज्या घरात मुलगा एकटा निघतो म्हटले तर आई डोळे पुसते आणि मुलगी निघते म्हटले तर सारे घर दार अडवून उभे राहते, त्या घराला धीराची व्याख्याने पटत नाहीत. प्रत्येक रात्रीचा पत्ता, तिथल्या जबाबदार माणसाचे नाव आणि पोलीस पाटलाला दिलेली सूचना यांनीच ते घर दारातून बाजूला होते. भारत जोडोत मुली होत्या, आणि त्या जाऊ शकल्या याचे एक कारण असे की रात्रीचा मुक्काम अनिश्चित नव्हता.

आता शासनाने काय करावे ते स्पष्ट शब्दांत मांडतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची आणि वन विभागाची विश्रामगृहे तालुक्यातालुक्यांत उभी आहेत, त्यांच्यावर सार्वजनिक तिजोरीतून खर्च होतो, आणि त्यांच्या खोल्या अधिकाऱ्यांच्या दौऱ्यासाठी राखलेल्या असतात. संध्याकाळी सहापर्यंत जी खोली कोणी अडविली नसेल ती पायी किंवा सायकलीने येणाऱ्या प्रवाशाला, ओळखपत्र पाहून आणि माफक दर घेऊन, त्या रात्रीपुरती द्यावी, असा एक लेखी शिरस्ता राज्याने घालून द्यावा. ज्या गावी विश्रामगृह नाही तेथे जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह ग्रामसभेच्या ठरावाने खुले करता येईल. नोंदवही ठेवावी, पोलीस पाटलाला कळवावे, सकाळी जागा झाडून देण्याची अट घालावी. याला नवे खाते लागत नाही, नवी इमारत लागत नाही. लागतो तो एक हुकूम आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा एक गट विकास अधिकारी. दुसरी गोष्ट रस्त्यांची : राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग यांच्या डांबराला दोन्ही अंगांनी पक्की, सपाट कड असावी, आणि रुंदीकरणाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात तिची तरतूद वेगळ्या बाबीखाली दाखवावी, म्हणजे पैसा अपुरा पडला की पहिला घाव तिच्यावर पडणार नाही.

यावर आक्षेप येईल की चार हौशी सायकलस्वारांच्या लाडासाठी जनतेचा पैसा आणि अधिकाऱ्यांचा वेळ का खर्चावा. आक्षेप वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर हौशी प्रवाशांकडे बोट दाखवून देता येणार नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्याने मागास तालुक्यांतील, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना सायकली वाटल्या. त्या मुली आज ज्या रस्त्यांवरून शाळेला जातात त्या रस्त्यांना पक्की कड नाही, आणि समोरून मालमोटार आली म्हणजे त्यांना खडीत उतरावे लागते. खाणीवर जाणारा मजूर, दुधाच्या कॅन लावलेला गवळी, धानाच्या रोवणीला परगावी जाणाऱ्या बाया, यांच्यासाठी सायकल हा छंद नाही. देशाटनाला निघालेल्या तरुणाला जी पक्की कड हवी आहे ती प्रथम या मंडळींची आहे, आणि त्या कडेची मागणी करताना त्या तरुणाने स्वतःचे नाव मागे ठेवून यांची नावे पुढे ठेवावीत. विश्रामगृहाची खोलीही केवळ सायकलवाल्याची होणार नाही. वारीला निघालेला, परिक्रमेला निघालेला आणि परीक्षेसाठी परगावी मुक्कामाला आलेला गरीब विद्यार्थी यांनाही तिचा तोच लाभ मिळेल.

मग या सगळ्याची सुरुवात कोठून करावयाची? माझी सूचना आहे की येत्या हिवाळ्यात देशाटनाची स्वप्ने पाहणाऱ्या तरुण मंडळींनी प्रथम आपलाच जिल्हा सायकलीने फिरून काढावा : तुमसरहून आंबागड, गायमुख आणि चिखला, तेथून वैनगंगेच्या काठाने भंडारा आणि पवनी, साकोलीकडून तलावांच्या मुलखाने परत. या फेरीत प्रत्येक रात्र ग्रामपंचायतीला आगाऊ पत्र लिहून काढावी, कोणत्या गावी जागा मिळाली, कोणत्या गावी नकार आला, कोठे रस्त्याची कड तुटलेली आहे आणि कोठे पाण्याची सोय आहे याची नोंद करावी, आणि ती नोंद जिल्हा परिषदेच्या कचेरीत अर्जासह दाखल करावी. जिल्ह्यात मुक्काम मागण्याची आणि मिळवण्याची सवय ज्याला लागली त्याला कर्नुलात आणि करनालात ती उपयोगी पडते. आणि जो जिल्हा आपल्याच पोरांना एका रात्रीची जागा देत नाही, त्याच्याकडे उद्या केरळहून किंवा काश्मिराहून सायकलीने येणारा तरुण कशाच्या भरवशावर वळेल, या प्रश्नाचे उत्तर मग जिल्हा परिषदेच्या सभेत, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने, द्यावे लागेल.